जक्कयाचा हिशेब : कृपा, पश्चात्ताप आणि आज्ञापालन

आज काही बंधू रात्रपाळी करून, घरी न जाता थेट इथे आलेत. काहींना दुपारच्या पाळीची बस गाठायची आहे. त्यामुळे वेळेचं भान ठेवून बोलतो. मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रार्थना आणि बाप्तिस्मा हे विषय घेतले. आज तीन शब्द घेऊ : कृपा, पश्चात्ताप आणि आज्ञापालन. दर रविवारी हे शब्द इतक्यांदा कानावर पडतात की जुन्या नाण्यासारखे ते गुळगुळीत झालेत. त्यावर काय कोरलं आहे ते आता वाचता येत नाही. म्हणून सुरुवात व्याख्येने न करता एका घडलेल्या गोष्टीने करतो. ती आमच्याच चुकीची गोष्ट आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच पट्ट्यातल्या एका संध्याकाळच्या सभेत आम्ही व्यासपीठावर होतो. एका बंधूने साक्ष दिली. चाकण भागात एका ठेकेदाराकडे तो सुपरवायझर होता. कंत्राटी मजुरांच्या हजेरीचं रजिस्टर त्याच्या हातात असे. मजूर चार तास ओव्हरटाइम करायचे, हा दोन तास लिहायचा. उरलेल्या दोन तासांचे पैसे वर आणि मध्ये वाटले जायचे. दीड वर्ष हे चाललं. मग घरात मोठं आजारपण आलं, कुणीतरी प्रार्थनेला नेलं, शुभवर्तमान ऐकलं, आयुष्य बदललं. हे सांगताना तो रडला. सभेने 'हालेलुया' म्हटलं. आम्हीही त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि देवाने तुला क्षमा केली आहे, असं सर्वांसमोर सांगितलं.

सभा संपली, चहा सुरू झाला. एक भगिनी जवळ आली. तिचा नवरा त्याच रजिस्टरवर अकरा महिने कामाला होता. पुढे काम सुटलं आणि तो गावी परत गेला. ती हळू आवाजात म्हणाली, "पाळकसाहेब, देवाने त्यांना माफ केलं, बरं झालं. पण आमचे पैसे देवाकडे होते का?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

कृपा : मजूर अड्ड्यावरची गोष्ट

आधी कृपा. नव्या करारात यासाठी ग्रीक शब्द आहे 'खारिस'. अर्थ असा की आपण न कमावलेलं, ज्यावर आपला हक्क नाही असं देणं. देणाऱ्याने आपल्या चांगुलपणातून दिलेलं.

येशूने कृपा समजावली ती द्राक्षमळ्याच्या दाखल्याने, मत्तयाच्या 20व्या अध्यायात. हा दाखला आपल्या भागातल्या माणसाला जितका कळेल तितका दुसऱ्या कुणाला कळेल असं वाटत नाही. मळ्याचा धनी पहाटे मजूर आणायला जातो. एक दिनार मजुरी ठरते. दिनार म्हणजे त्या काळचा एका दिवसाचा रोज. मग तो पुन्हा नऊच्या सुमारास जातो, बाराला जातो, तीनला जातो. शेवटी दिवस मावळायला एक तास उरलेला असताना जातो, तेव्हाही माणसं उभी असतात. तो विचारतो, दिवसभर रिकामे का? ते सांगतात की आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही.

आपल्याकडच्या कुठल्याही मजूर अड्ड्यावर सकाळी अकरा वाजता जाऊन बघा. धडधाकट माणसं टेम्पोत बसून कधीच गेलेली असतात. मागे कोण राहतं? वय झालेला, हाताला इजा झालेला, कडेवर लेकरू असलेली बाई. ते आळशी म्हणून उभे नसतात. त्यांना कुणी निवडलेलं नसतं.

संध्याकाळी धनी सर्वांना एक-एक दिनार देतो, आणि तोही शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करून. पहाटेपासून राबलेले चिडतात. त्यांचं चिडणं आपल्याला पटतं, कारण आपला सगळा पट्टाच मोजमापावर चालतो. 1950च्या दशकात पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पुढच्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या, 1982 मध्ये महानगरपालिका झाली, नंतर चाकण वाढलं. या साऱ्या वर्षांत आपण एकच भाषा शिकलो : तास किती, पीस किती, रिजेक्शन किती. पर्मनंट कोण, कंत्राटी कोण, ट्रेनी कोण. एकाच लाइनवर, एकच बोल्ट आवळणाऱ्या दोन माणसांच्या पगारात किती फरक असतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

म्हणून कृपेचा उपदेश ऐकतानाही आपल्या मनात तोच तक्ता उघडा असतो. आम्ही इतके उपवास केले, इतका दशमांश दिला, आता मुलाला पर्मनंट ऑर्डर मिळायला हवी. काही उपदेशकही तसंच सांगतात : एवढं पेरा, तेवढं मिळेल. मंडळी, याला सौदा म्हणतात. कृपा ही सौद्याच्या नेमकी उलट आहे. तिथे ट्रेनीला आणि पर्मनंटला एकच दिनार मिळतो, कारण देणारा मोजतो ती आपली गरज. आपले तास तो मोजत नाही.

आणि ही गोष्ट चर्चमध्ये वाढलेल्यालाही उशिरा कळू शकते. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये वाँटेज इथे 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. बुद्धीने त्यांनी ख्रिस्ती धर्म पूर्ण तपासून घेतला होता. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. काम जोरात होतं. तरी मनात शांती नव्हती. पुढे 1907 मध्ये केडगावहून निघालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिलं आहे की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या लक्षात आलं, आपण धर्म स्वीकारला होता, पण ज्याच्यावर तो उभा आहे तो तारणारा आपल्याला भेटलाच नव्हता. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा माणूस पाळक असूनही बरीच वर्षं आतून कोरडाच होता. ते वाचून रमाबाईंना आपली अवस्था ओळखू आली. संस्कृतची एवढी विदुषी, एवढी कर्तबगार बाई, आणि तिला हे शिकायला आठ वर्षं लागली की देवासमोर रिकाम्या हाताने जायचं असतं. आपल्याला वेळ लागला तर लाजायचं कारण नाही.

तर पहिला मुद्दा पक्का करून घेऊ. कृपा आधी येते. आपण सुधारलो म्हणून देवाने जवळ घेतलं असं होत नाही. देवाने जवळ घेतलं म्हणून सुधारण्याचं बळ येतं. कारखान्यात क्रम उलटा असतो. पीस बिघडला तर आधी रिवर्क, मग ओकेचा शिक्का. शुभवर्तमानात स्वीकार आधी होतो आणि रिवर्क घरात घेतल्यानंतर सुरू होतं.

पण रिवर्क सुरू होतं, हेही तितकंच खरं. डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने 1937 मध्ये शिष्यत्वावरच्या आपल्या पुस्तकात 'स्वस्त कृपे'विरुद्ध इशारा दिला. पश्चात्तापावाचून क्षमा, शिष्यत्वावाचून कृपा, असं वाटप मंडळीने चालवलं तर मंडळीच पोकळ होते, हे त्याचं सांगणं. हिटलरच्या राजवटीत 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी दिलं गेलं. त्या संध्याकाळच्या सभेत आम्ही काय केलं होतं? रिवर्क न बघताच ओकेचा शिक्का मारून मोकळे झालो होतो.

पश्चात्ताप : मागे वळायचं ते कुणाकडे?

आता दुसरा शब्द. 'पश्चात्ताप' या मराठी शब्दात 'नंतर होणारा ताप' आहे. शब्द चांगला आहे, संतसाहित्यातल्या 'अनुतापा'शी त्याचं नातं आहे. पण एक धोकाही आहे. ताप झाला, डोळे भरून आले, म्हणजे काम झालं असं आपण धरून चालतो. जुन्या करारातला हिब्रू शब्द 'शूब' म्हणजे वळणे, परत येणे. त्यात पाय आहेत. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोइया' म्हणजे मन बदलणे, विचाराची दिशा फिरवणे. मार्टिन ल्यूथरने 1517 मध्ये आपले 95 सिद्धान्त मांडले, त्यातला पहिलाच सांगतो की पश्चात्ताप हा विश्वासणाऱ्याच्या सबंध आयुष्याचा मामला आहे. एका दिवसाच्या विधीत तो संपत नाही.

पण वळायचं कुणाकडे? देवाकडे, हे झालंच. फक्त देवाकडे का? इथे लूकाच्या तिसऱ्या अध्यायात योहान बाप्तिस्मा करणाऱ्याला लोक एक सरळ प्रश्न विचारतात : आम्ही करावं काय? योहान सगळ्यांना एकच उत्तर देत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याला एक देऊन टाकायला सांगतो. जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगतो, दमदाटी करून पैसे उकळू नका, पगारात समाधान माना. बघा, प्रत्येकाला त्याच्या धंद्यातलं उत्तर. पाप जिथे होतं, पश्चात्तापाची खूण तिथेच उमटली पाहिजे.

योहान आज चाकणच्या चौकात उभा राहिला तर काय सांगेल, याचा विचार करा. ठेकेदाराला म्हणेल, कापलेला पीएफ भर. क्वालिटीवाल्याला म्हणेल, न मोजता रिपोर्टवर सही करू नकोस, त्या ब्रेकवर कुणाचातरी जीव आहे. खोल्या भाड्याने देणाऱ्याला म्हणेल, एका खोलीत दहा माणसं कोंबून प्रत्येकाकडून खाटेचं भाडं घेऊ नकोस. आपल्याला म्हणजे पाळकांना म्हणेल, पैसेवाल्याची साक्ष ऐकून लगेच टाळ्या वाजवू नका.

आता जक्कय. लूक, 19वा अध्याय. यरीहोतला मुख्य जकातदार, श्रीमंत, बुटका, झाडावर चढलेला. रविवारच्या शाळेत आपण गाणं म्हणतो आणि झाडापाशीच थांबतो. पुढचा क्रम नीट बघा. येशू वर बघून त्याला हाक मारतो, तुझ्या घरी मुक्काम करायचा आहे म्हणतो. ही कृपा झाली. जक्कयाने अजून एक पैसा परत केलेला नाही. लोक कुरकुर करतात. आणि मग जक्कय उभा राहतो आणि हिशेब मांडतो : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लबाडीने घेतलं असेल त्याला चौपट. त्यानंतर येशू जाहीर करतो की आज या घराला तारण मिळालं.

हे चौपट आलं कुठून? मोशेच्या नियमशास्त्रात मेंढरू चोरून मारलं किंवा विकलं तर चार मेंढरं द्यायची, असं निर्गमच्या 22व्या अध्यायात आहे. म्हणजे जक्कयाने सर्वांत सौम्य कलम शोधलं नाही. स्वतः कबूल करणाऱ्यासाठी गणनाच्या पाचव्या अध्यायात सौम्य कलमही आहे : पाप कबूल करावं, मूळ रक्कम पूर्ण भरावी आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. हे ज्याचं नुकसान झालं त्याला. तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला. तोही नसेल, तरच ते देवाचं म्हणून याजकाकडे जाईल.

हा क्रम लक्षात ठेवा : ज्याचं गेलं तो, त्याचे नातलग, आणि सर्वांत शेवटी देवाचं घर. आपण क्रम उलटा लावतो, दानपेटी आधी. गोष्टीकडे परत येतो. त्या सभेनंतर दोन दिवसांनी तो सुपरवायझर बंधू आमच्याकडे पाकीट घेऊन आला. सभागृहाच्या पत्र्यांसाठी दहा हजार रुपये. खरं सांगतो, पत्रे गळत होते, आणि आमचा हात पुढे गेला होता. तेवढ्यात त्या भगिनीचा प्रश्न आठवला. देवाकडे तिचे पैसे नव्हते, हे खरं. पण आम्ही ते पाकीट घेतलं असतं तर त्या दिवसापासून ते देवाच्या घरात असते, आणि तिला कधीच मिळाले नसते.

याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय, चौथं वचन घरी गेल्यावर जरूर वाचा. अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असं तिथे सांगितलं आहे. त्या सभेत आमच्या हालेलुयाच्या आवाजात आम्हाला ती ओरड ऐकू आली नव्हती.

इथे शेजारच्या देहूची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. तुकोबांविषयी परंपरा सांगते की घरात सावकारी होती. वैराग्य आलं तेव्हा लोकांकडून येणं असलेली खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. पण त्याआधी निम्मी खतं धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या हाती दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. किती बारीक गोष्ट आहे बघा! आपलं येणं आपण सोडू शकतो. भावाचं येणं त्याच्या वतीने सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. मग मजुराचं येणं आम्ही पाळकांनी व्यासपीठावरून कसं काय सोडून दिलं? आम्ही दुसऱ्याची खतं बुडवत होतो आणि त्याला क्षमा म्हणत होतो.

कुणी विचारेल, मग परतफेड ही तारणाची किंमत झाली का? नाही. वधस्तंभावरच्या त्या चोराने काय परत केलं? त्याचे हात खिळलेले होते, वेळही नव्हती. त्याला स्वर्गलोकाचं वचन कृपेनेच मिळालं. ज्याच्याकडे खरंच काही उरलेलं नाही, त्याच्यासाठी दार बंद नाही. पण ज्याचे हात मोकळे आहेत आणि खिशात पैसे आहेत, त्याने स्वतःला त्या चोराच्या रांगेत उभं करू नये. त्याची जागा जक्कयाशेजारी आहे.

आज्ञापालन : 'हो' म्हणणारा मुलगा

तिसरा शब्द आपल्या भागात जरा बदनाम आहे. आज्ञापालन म्हटलं की साहेबाची ऑर्डर आठवते. सांगितलं तेवढं कर, प्रश्न विचारू नको. काही ठिकाणी पाळकही हा शब्द तसाच वापरतात : माझं ऐकलं नाही तर आशीर्वाद थांबेल. हे स्पष्ट बोललं पाहिजे. पवित्र शास्त्रातलं आज्ञापालन देवाच्या इच्छेचं आहे, व्यासपीठावर उभं राहणाऱ्या माणसाच्या मर्जीचं नाही. पाळकाचं बोलणं शास्त्रावर घासून बघायचा तुम्हाला अधिकार आहे. आमचंही बघा.

मत्तयाच्या 21व्या अध्यायात पुन्हा एक द्राक्षमळा आहे. बाप दोन मुलांना सांगतो, आज मळ्यात जाऊन काम कर. एक तोंडावर नाही म्हणतो, पण नंतर त्याचं मन पालटतं आणि तो जातो. दुसरा अदबीने हो म्हणतो आणि जात नाही. बापाची इच्छा कुणी पाळली? उत्तर लहान मूलही देईल. आपल्या उपासनांमध्ये 'आमेन' पुष्कळ असतं. दुसरा मुलगाही आमेनच म्हणाला होता.

आणि पहिल्या मुलाकडे नीट बघा. तो मळ्यात गेला तो मुलगा होण्यासाठी नाही, मुलगा तो होताच. नोकर पगारासाठी जातो, मुलगा घरचं काम म्हणून जातो. कृपा आणि आज्ञापालन यांचं भांडण इथे मिटतं. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी आणि नववी वचनं आपल्याला पाठ असतात : तारण कृपेने, कर्मांनी नव्हे. दहावं वचन मात्र आपण सोडून देतो. तिथे पौल सांगतो की आपण सत्कर्मांसाठीच घडवले गेलो आहोत. तिन्ही वचनं एका दमात वाचायची.

रमाबाईंकडेच पुन्हा जाऊ. कृपा उमगल्यावर त्या गप्प बसल्या का? 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या. पुण्याहून दौंडकडे जाताना लागणाऱ्या केडगावला मुक्तीचं काम उभं राहिलं ते यातून. 1900च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथूनही मुली आणल्या. तरुणपणी स्वतःचे आई-वडील आणि बहीण त्यांनी अशाच उपासमारीत गमावले होते. देवाला खूश करून काही मिळवायचं म्हणून त्या गेल्या नाहीत. मिळालेलं होतं, म्हणून गेल्या. आणि त्या कामाला भात, लुगडी, विहिरी, छापखाना, शेती असं सगळं लागलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचं कामही त्यांनी अखेरपर्यंत केलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. आज्ञापालन म्हणजे काय, हे बघायचं असेल तर केडगाव फार लांब नाही.

मग त्या पाकिटाचं काय झालं?

आम्ही ते पाकीट परत केलं आणि त्या बंधूसमोर गणनाचा पाचवा अध्याय उघडून ठेवला. तो चिडला. म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, देवाने क्षमा केली?" आम्ही म्हणालो, "देवाच्या वाट्याचं देवाने सोडलं. मजुरांचं आम्ही सोडू शकत नाही. त्या दिवशी आमचं चुकलं." पंधरा दिवस तो आला नाही. मग एक दिवस जुन्या वह्या घेऊन आला.

आम्ही दोघं हिशेबाला बसलो. 1948च्या कारखाना कायद्याप्रमाणे तेव्हा ओव्हरटाइमला दुप्पट दर होता. म्हणजे लपवलेले दोन तास हे चार तासांचे पैसे होते. चौतीस नावं निघाली. रक्कम बघून तो बराच वेळ बोलला नाही. त्याच्या हातात त्यातला थोडाच भाग आला होता, बाकीचा वर गेला होता. पण रजिस्टरवर अक्षर त्याचं होतं. त्याने जमेल तसं, हप्त्याहप्त्याने द्यायचं ठरवलं. आधी मोटारसायकल विकली.

फोन लावायला सुरुवात झाली. अर्धे नंबर बंद. बिहारमधला एक जण हसायलाच लागला. त्याला वाटलं ही काहीतरी फसवणूक आहे. म्हणाला, पैसे देतोस ते ठीक, ओटीपी कधी मागणार? एकाने पैसे घेतले आणि सांगितलं, पुन्हा फोन करू नकोस. त्याने क्षमा केली नाही, आणि ती मागण्याचा तगादा आपण लावू शकत नाही. क्षमा करायला त्याला देव शिकवील. पैसे देणाऱ्याने पैशाच्या बदल्यात क्षमा मागितली तर तो पुन्हा सौदाच झाला. त्या भगिनीच्या घरी आम्ही दोघं गेलो. तिने नोटा दोनदा मोजल्या, ट्रंकेत ठेवल्या, आणि म्हणाली, "चहा ठेवते."

ही गोष्ट गोड शेवटाची नाही. बातमी पसरली तसे इतर मजूरही ठेकेदाराला जुना हिशेब विचारायला लागले, आणि या बंधूचं काम गेलं. आज तो भोसरीत एका लहान वर्कशॉपमध्ये कमी पगारावर आहे. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही त्यांच्या नावाचे पैसे अजून वेगळे ठेवलेले आहेत, आणि काही जणांचे अजून द्यायचे बाकी आहेत. घरच्यांची नाराजी पूर्ण गेलेली नाही. पण परवा तो एक गोष्ट बोलला ती सांगतो. म्हणाला, सभेत साक्ष दिली तेव्हा हलकं वाटलं होतं, ते दोन दिवस टिकलं. पहिला हप्ता पोचवला तेव्हा भीती वाटली, आणि त्या भीतीतच पहिल्यांदा वाटलं की देव खरंच आपल्याबरोबर आहे.

आम्हीही एक गोष्ट बदलली. आता पैशाशी संबंधित साक्ष असेल तर व्यासपीठावर यायच्या आधी आम्ही शांतपणे विचारतो : ज्याचं घेतलं त्याला परत केलं का? किती राहिलं? मदत लागेल का? हिशेबाला सोबत बसू का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एकट्याने जक्कय होणं अवघड आहे. यरीहोतही येशू त्याच्या घरात बसला होता, तेव्हा तो उभा राहून बोलू शकला.

तेव्हा मंडळी, त्या भगिनीच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं : नाही बाई, तुमचे पैसे देवाकडे नव्हते. ते आमच्यातल्याच एकाकडे होते. देवाने त्याला क्षमा केली ती यासाठी, की पैसे दडवायची भीती संपावी आणि ते घेऊन त्याने तुमच्या दाराशी यावं. कृपा चोराला घरात घेते. चोरीचा माल पचवायला मात्र ती कुणाला मदत करत नाही.

या आठवड्यात एक काम करा. मोठी यादी नको, एकच नाव आठवा. ज्याचं काही आपल्याकडे राहिलं आहे असा एक माणूस. पैसे असतील, मजुरी असेल, शेताचा बांध असेल, खोटी ठरवलेली कुणाची अब्रू असेल. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाकडे जा, समेट कर, मग ये. अर्पण कुठे पळून जात नाही. ते तिथेच असेल.

पुढच्या वेळी क्षमा करणाऱ्याच्या बाजूने बोलू : ज्याचं नुकसान झालं, त्याने काय करावं? तोही सोपा विषय नाही. बसची वेळ झाली आहे. प्रार्थना करून थांबू.